चहाच्या टेबलावर कोण बसले आहे?

युरोपची सहल करून आलेल्या मराठी लेखकाचा एक परिच्छेद आता आम्हांला पाठ झाला आहे. शहर रोम असो वा पॅरिस, सकाळी तो एखाद्या इंग्रजी धर्तीच्या टी-रूममध्ये शिरतो. मग स्कोन, मार्मालेड, चकचकीत किटली, चिनी मातीचे पातळ कप, अदबशीर वेटर आणि शेवटी बिलाचा रुपयांतला हिशेब. प्रवासवर्णनाच्या तासाला मुदखेडच्या मुलांपुढे हे 'चित्रदर्शी शैली'चा नमुना म्हणून ठेवले जाते. आमचे भांडण शैलीशी नाही, तिच्या निरागसपणाशी आहे. ('अपूर्वाई'ला यातून वगळावे, तिथे लेखक आधी स्वतःला हसतो.)

रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांशेजारची 'बॅबिंग्टन्स' घ्या. १८९३ साली इझाबेल कारगिल आणि ॲना मारिया बॅबिंग्टन या दोघींनी शंभर पौंडांच्या भांडवलावर ती काढली. कॉफीच्या त्या शहरात इंग्रज प्रवाशांना घरच्यासारखा चहा मिळत नव्हता, हे त्यांनी हेरले. दोन स्त्रियांनी परक्या शहरात असा व्यवसाय थाटावा, हीच त्या काळी केवढी गोष्ट! ब्रिटिशांच्या कपात तोवर चीनपेक्षा हिंदुस्थान आणि सिलोनचा चहा अधिक पडू लागला होता आणि आसामच्या मळ्यांत करारबद्ध मजूर राबत होते. यातले एक अक्षर त्या परिच्छेदात नसते. लोण्याला मात्र तीन ओळी मिळतात.

ही टी-रूम उघडण्याच्या तीनच वर्षे आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, आपल्याकडेही एक इंग्रजी चहापान झाले होते. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले ही मंडळी हजर होती. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. घरातून ते कसे दिसले, हे रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त सांगितले आहे. एक कप चहा न्यायमूर्तींनाही एवढा महाग पडला.

ज्यांना प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती, त्यांचा चहा अजून वेगळाच. गावच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी निराळी कपबशी असे. पिऊन झाल्यावर ज्याची त्याने विसळून ठेवायची. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) ही कपबशी आहे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ती पुस्तकात शोधावी लागत नाही.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात, आत्मकथन हा निराळा घटक, प्रवासवर्णन निराळा. सरमिसळ करू नका. नेमके हेच आम्हांला मान्य नाही. वाङ्मयप्रकारांची ही विभागणी परीक्षेला सोयीची आहे, पण तिच्यामुळे विद्यार्थी एका तासाला रोमचा चहा चाखतो आणि दुसऱ्या तासाला बाहेरची कपबशी पाहतो, आणि दोन्हींत चहाच आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. टी-रूमचे वर्णन वाचून, तिथे आपल्याला आत घेतले असते का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर 'शैलीविशेष लिहा' हे उत्तर नव्हे.

म्हणून यंदा प्रवासवर्णनाच्या घटकासोबत आम्ही रमाबाईंचे ते प्रकरण आणि 'अक्करमाशी'तला तो प्रसंग वाचायला देणार आहोत. कोणाला विषयांतर वाटलेच, तर त्यांनी तसे लेखी कळवावे.