अंगणातली वीज आणि मोटारीचे मोल

सुटीत गावी गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना, कोणी मागो वा न मागो, सल्ला देण्याचा एक अलिखित परवाना लाभलेला असतो. आणि भावाने वा पुतण्याने नवी मोटार घेण्याचा बेत बोलून दाखवला की तो परवाना आपण निःसंकोच बजावतो. "विजेची गाडी? आणि इथे? चार्जिंग स्टेशन कुठे आहे?" एवढे विचारले की विषय निकालात निघाला, अशी आपली समजूत असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे, असे माझे म्हणणे आहे.

विजेच्या मोटारीची खरी परीक्षा ती रात्री कोठे उभी राहते या एका गोष्टीवर ठरते. ज्या नॉर्वेचा दाखला आपण ऊठसूट देतो, जेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेच्या होत्या, तेथेही बहुसंख्य लोक गाडी रात्री घरीच भारून घेतात. हमरस्त्यावरची जलद यंत्रे लांबच्या प्रवासापुरती. मुंबई-पुण्याच्या सदनिकाधारकाला तळमजल्यापर्यंत केबल ओढायची तर सोसायटीच्या संमतीसाठी सभेची वाट पाहावी लागते. कोडोली-वारणानगर भागात स्वतःचे अंगण आणि भिंतीवर स्वतःचा मीटर असलेली घरे मुबलक आहेत. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या नेक्सॉनच्या विजेच्या गाडीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरांचा होता. प्रत्यक्षात तो दोनशेच्या आसपास धरला, तरी कोल्हापूरला जाऊन-येऊन निम्म्याहून अधिक वीज शिल्लक उरते, आणि पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर रात्रभरात ती भरून निघते.

"पण लाइट असते कुठे?" हा पुढचा आक्षेप, आणि तो करणारे आपल्या बालपणीच्या भारनियमनाच्या आठवणींवर बोलत असतात. शेतीपंपाचा फीडर आणि गावठाणाचा फीडर हे आता बहुतेक ठिकाणी वेगळे आहेत. पंपाला ठरावीक तासच वीज मिळते आणि तीही पुष्कळदा रात्रपाळीने, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. गावठाणातल्या घराची स्थिती तशी नाही. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्याने मात्र आपली जोडणी कोणत्या फीडरवर आहे याची खातरजमा केल्यावाचून बयाणा देऊ नये. खरी अडचण बहुधा याहून क्षुल्लक वाटणाऱ्या जागी, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात असते. घर बांधताना मीठ-कोळसा घालून बुजवलेला तो खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात माती वाळते, तार गंजते, घरातले दिवे-पंखे कुरकुर न करता चालू राहतात, आणि मोटारीचा चार्जर मात्र लाल दिवा दाखवून वीज घेण्याचे साफ नाकारतो. तो नादुरुस्त नसतो; घरधन्याच्या जिवाची काळजी घेत असतो. वायरमन बोलावून नवे अर्थिंग करून घेणे हा त्यावरचा उपाय होय.

आता मोलाचा प्रश्न. "ॲव्हरेज किती?" आणि "रिसेल काय?" या दोन प्रश्नांत आपल्याकडचे मोटारशास्त्र सामावलेले आहे. पहिल्याचे उत्तर विजेच्या बाजूने आहे, पण जमाखर्च नीट मांडला पाहिजे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. मोटारीची वीज त्याच मीटरवर घेतली की महिन्याचे युनिट वरच्या टप्प्यात शिरतात. तरीही युनिटला बारा रुपये पडले आणि युनिटमागे सहा किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला दोन रुपये होतात. शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलवर पंधराचे ॲव्हरेज धरले तर सात रुपयांच्या घरात. दुसऱ्या प्रश्नात मात्र गावकऱ्याची शंका साधार आहे. जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन मिस्त्री कानाने ऐकतो, धुराचा रंग पाहतो आणि किंमत सांगतो. बॅटरीची प्रकृती ना कानाला कळते ना डोळ्याला, म्हणून गिऱ्हाईक भाव पाडून मागते. कंपन्या बॅटरीला साधारणतः आठ वर्षांची हमी देतात. तेव्हा जो तीन-चार वर्षांनी गाडी बदलतो त्याने विचार करावा, आणि जो एकच गाडी दहा वर्षे वापरतो त्याने रिसेलचा घोर बाळगू नये, कारण इंधनात वाचलेली रक्कम त्याच्या पदरात तोवर पडलेली असते.

वारणाकाठचा सर्वांत मार्मिक आक्षेप मात्र उसाचा आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि त्यातले काही उसापासून येते; मग ऊसकऱ्याने विजेची गाडी घेऊन स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घ्यावा? हा युक्तिवाद सहजासहजी उडवून लावण्याजोगा नाही. परंतु लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते, म्हणून इथेनॉल विकणारा शेतकरीच ग्राहक या नात्याने घटलेल्या ॲव्हरेजचा थोडा भार उचलतो. आणि कारखाना बगॅस जाळून सहवीजनिर्मिती करतो तेव्हा वीजही उसाचीच असते. शिवाय एका घराच्या मोटारीने इथेनॉलची बाजारपेठ बुडत नाही. ती सरकारी धोरणावर आणि तेल कंपन्यांच्या खरेदीवर उभी आहे.

तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली वारणानगरच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला, १९६८ मध्ये दूध संघ निघाला, आणि १९९८ मध्ये सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोगही याच परिसरात झाला. यंत्र परके आहे म्हणून दारातून परत पाठवण्याची येथील वहिवाट नव्हे. माझ्या मते विजेच्या वाहनाचा पहिला सार्वजनिक मान दूध संकलनाच्या टेंपोला मिळावा: फेरी ठरलेली, अंतर ठरलेले, दोन फेऱ्यांमधला विसावा ठरलेला, आणि मुक्काम संस्थेच्याच आवारात. जे वाहन रोज पळते त्याचीच वाढीव किंमत लवकर वसूल होते. दारात शोभेला उभी राहणारी, लग्नसराईत आणि गणपतीलाच बाहेर निघणारी मोटार पेट्रोलची असली तरी बिघडत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की पुढच्या सुटीत भावाने विचारले तर चार्जिंग स्टेशनची चौकशी करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: गाडी रोज किती पळणार, रात्री कोणाच्या मीटरजवळ उभी राहणार, आणि किती वर्षे ठेवायची आहे. उत्तरे अनुकूल आली आणि भावाला हातभार लावायचा असला, तर गाडीच्या उंची मॉडेलसाठी पैसे पाठवण्यापेक्षा आधी अर्थिंगचा आणि वेगळ्या वायरिंगचा खर्च उचलावा. उत्तरे प्रतिकूल आली तर पेट्रोलची गाडी घेण्यात कोणताही कमीपणा मानू नये.