शिरस्त्राणाच्या पलीकडे

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीस्वाराच्या मस्तकाची चिंता वाहिली. पाय मात्र त्याच्या ऐपतीवर सोडले. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या वाहनाच्या खरेदीत वाचलेल्या या रकमेचा अल्पांश तरी गुडघ्यांसाठी राखून ठेवावयास हवा. साधी जीन्स डांबरावर घासताच फाटते. आघात तर ती शोषतच नाही. संरक्षक विजार परवडत नसेल, तर नेहमीच्या पँटवर बांधता येणारे, गुडघा व नडगी झाकणारे कवच घ्यावे. त्यावर ‘ईएन १६२१-१’ हे युरोपीय मानक नमूद आहे काय, आणि वाहनावर बसल्यावर ते सरकते काय, हे पाहावे. इस्पितळाचे बिल व बिनपगारी रजा यांच्याशी ताडून पाहता ही खरेदी काटकसरीचीच ठरते.