‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का नको?

इंग्रजीचे बरेचसे व्याकरण नियमांनी शिकविता येते. परंतु क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी अव्यय योजावे, हा प्रश्न आला की चांगल्या चांगल्यांची लेखणी अडखळते. ‘वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर’, ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘ही एम्फसाइज्ड ऑन डिसिप्लिन’ ही वाक्ये आपल्या मुलांच्या निबंधांत आणि नोकरीच्या अर्जांत नित्य आढळतात. प्रमाण इंग्रजीत तिन्ही अशुद्ध आहेत. येथे अव्ययाची निवड चुकली असे नव्हे. ते मुळी नकोच होते.

या चुकीचे मूळ आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत आपण पुष्कळदा नामाला ‘करणे’ अथवा ‘देणे’ जोडून क्रिया व्यक्त करतो: चर्चा करणे, विनंती करणे, भर देणे, प्रवेश करणे, हल्ला करणे. मग चर्चा कशाविषयी, भर कशावर, प्रवेश कशात, हे सांगण्यासाठी प्रत्यय वा अव्यय घ्यावेच लागते. इंग्रजीतही नाम असेल तेथे हेच घडते. ‘डिस्कशन अबाउट द मॅटर’, ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘एम्फसिस ऑन डिसिप्लिन’, ‘अटॅक ऑन द फोर्ट’ ही सर्व रचना शुद्धच होय. परंतु तेथे क्रियापद आले की ते कर्माला मध्यस्थावाचून भेटते: ‘डिस्कस द मॅटर’, ‘रिक्वेस्ट लीव्ह’, ‘एम्फसाइज डिसिप्लिन’, ‘अटॅक द फोर्ट’. आपण मनात मराठी नाम धरतो, कागदावर इंग्रजी क्रियापद लिहितो आणि नामाचे अव्यय त्याच्या गळ्यात बांधतो.

म्हणून मुलांना पहिला प्रश्न विचारावयास शिकवावे, तो हा: हा शब्द येथे नाम आहे की क्रियापद? एवढ्या एका प्रश्नाने या जातीच्या कितीतरी चुका टळतील. ‘आन्सर टु द क्वेश्चन’ म्हणजे प्रश्नाचे उत्तर; पण उत्तर द्यावयाचे असेल तर ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘तिच्याशी लग्न केले’ यातील ‘शी’ पाहून ‘मॅरिड विथ हर’ लिहू नये. ‘मॅरिड हर’ पुरे.

मात्र या नियमाची कुऱ्हाड सरसकट चालवू नये. काही क्रियापदांना अव्ययावाचून चालतच नाही, आणि तेथे मराठी आपल्याला उलट दिशेने फसविते. आपण ‘गाणे ऐकतो’, म्हणून मुले ‘लिसन म्यूझिक’ लिहितात. हवे ‘लिसन टु म्यूझिक’. ‘मला समजावून सांगा’ याचे ‘एक्स्प्लेन मी’ होत नाही. ‘एक्स्प्लेन इट टु मी’ असे म्हणावे लागते. ‘रीच’ आणि ‘अराइव्ह’ यांचा अर्थ जवळजवळ एकच. तरी ‘रीच द स्टेशन’ आणि ‘अराइव्ह अ‍ॅट द स्टेशन’.

तात्पर्य, अव्यय अर्थावरून तर्काने काढावयाचे नसून शब्दाबरोबरच पाठ करावयाचे असते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये अध्यापन करीत असता हे ओळखले. त्यांचा कोश १९४२ साली तोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. शब्दाच्या अर्थाबरोबर क्रियापदाची वाक्यरचनाही तो शिकणाऱ्याला दाखवितो. घरात असा कोश असेल तर मुलांनी अर्थ पाहून तो मिटू नये. खालचे उदाहरणवाक्यही वहीत उतरून घ्यावे.

आणि जाता जाता आपल्या घरातील मराठीकडेही पाहावे. हिंदी प्रदेशात वाढणारी मुले ‘उससे पूछा’ या वळणावर ‘त्याच्याशी विचारले’ असे म्हणू लागतात. तेथेही न्याय तोच: विचारावयाचे ते ‘त्याला’, बोलावयाचे ते ‘त्याच्याशी’. इंग्रजीतील ‘अबाउट’ खोडताना जी दक्षता आपण घेतो, तीच मराठीतील ‘ला’ आणि ‘शी’ यांच्या वाट्यालाही यावयास हवी. शाळेत इंग्रजी तपासणारे शिक्षक असतात. परप्रांतातील मराठी तपासणारे बहुधा आई-वडील आणि आजी-आजोबाच असतात.

या महिन्याचा अभ्यास: ‘शी एंटर्ड इन्टु द रूम’, ‘आय अ‍ॅम वेटिंग यू’, ‘ही रिझेम्बल्स विथ हिज फादर’ ही वाक्ये शुद्ध करा.

उत्तरे: ‘एंटर्ड द रूम’, ‘वेटिंग फॉर यू’, ‘रिझेम्बल्स हिज फादर’.