लोद्रव्याची वाट

जैसलमेरला जाणारे बहुतेक यात्रेकरू किल्ल्यातील जिनमंदिरांचे दर्शन घेतात, पटव्यांच्या हवेल्या पाहतात आणि सायंकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांकडे वळतात. दिवसभरासाठी भाड्याची मोटार घेतलेल्या कुटुंबाने मात्र सकाळ लोद्रव्यासाठी राखून ठेवावी. अंतर सुमारे १६ किलोमीटर. वाटेत अमरसागरला बाफना पटव्यांनी बांधलेले मंदिर लागते. पुढे खेजडी, खुरटी झुडपे आणि उजाड माळ.

लोद्रवा ही भाटी राजांची जुनी राजधानी. ११५६ मध्ये रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर नवे नगर वसविले आणि लोद्रव्याचे वैभव ओसरले. तेथील पार्श्वनाथ मंदिरही आक्रमणात उद्ध्वस्त झाले होते. १७व्या शतकात थाहरू शाह भणसाळी या श्रेष्ठीने त्याचा जीर्णोद्धार केला. राजधानी जाऊन तेव्हा साडेचार शतके लोटली होती. ना पेठ उरली होती, ना गिऱ्हाईक. असा खर्च खतावणीत कोणत्या खात्यावर मांडावा, हे कोणत्याही मुनीमाला सुचले नसते! नक्षीदार तोरण व दगडी जाळ्या आजही उभ्या आहेत.

पुढे जैसलमेरवरही तीच पाळी आली. मुंबई बंदराचा व्यापार वाढला, उंटांचे तांडे रोडावले. १९४७ च्या फाळणीने सिंधची वाट मिटली. व्यापारी घराणी देशभर पांगली. किल्ल्यातील जिनभद्रसूरी ज्ञानभंडारातील ताडपत्रे मात्र जागची हलली नाहीत. लोद्रव्याहून परतताना, दुपारच्या उन्हापूर्वी, त्या तळघराच्या दाराशी थोडे थांबावे.