शिवी जिभेवर दिसते, मूळ मात्र काळजात असतं

तालुक्याच्या गावात पत्रकारिता करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना एक वाक्य पाठ असतं. "किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जीवे मारण्याची धमकी दिली." नावं बदलतात, गाव बदलतं, कारण बदलतं. कधी बांध असतो, कधी पाण्याची पाळी, कधी गाडी लावायची जागा. वाक्य मात्र तेच. आणि त्यातला क्रमही तोच. आधी शिवीगाळ, मग लाथाबुक्क्या, मग काठी नाहीतर कोयता. वीसेक वर्षं ही बातमी टाईप करतोय. आधी कोयता आणि नंतर शिवी, असं मला तरी फारसं आठवत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं सौंदाळा. नेवासा तालुक्यातल्या या गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. बातमी देशभर गेली. काहींनी कौतुक केलं, काहींनी चेष्टा केली. "मग आमच्या गावाची ग्रामपंचायत महिन्याभरात श्रीमंत होईल," असंही कुणी म्हणालं.

मला तो ठराव आवडला, हे आधी स्पष्ट सांगतो. भांडण दोन पुरुषांचं आणि अब्रू निघते घरात भाकरी थापत बसलेल्या बाईची, जिचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नाही, हे एका गावाला खटकलं आणि गावानं ते चारचौघांत बोलून दाखवलं. हे छोटं काम नाही. कायदाही आहेच. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द वापरून दुसऱ्याला त्रास दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ते कलम पोलीस ठाण्यात असतं. ठराव गावच्या पारावर असतो, म्हणून त्याचा धाक जास्त.

प्रश्न पुढचा आहे. दंडाच्या भीतीनं जीभ आवरली, पण आत जे उकळत होतं त्याचं काय झालं?

मी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो. आमच्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालाय, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटलं. ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनीही वाचावं. शिवी काही धर्म विचारून तोंडात येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेमहून शास्त्री आणि परूशी येतात आणि येशूला विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? मुद्दा सोवळ्या-ओवळ्याचा होता. येशू त्याला वेगळीच कलाटणी देतो. तोंडातून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून बाहेर येतं त्यानं विटाळतो, कारण ते अंतःकरणातून येतं, असा त्याच्या उत्तराचा अर्थ. आणि तिथं तो अंतःकरणातून निघणाऱ्या गोष्टींची जी यादी देतो, त्या एकाच यादीत खूनही आहे आणि निंदाही.

डोंगरावरच्या प्रवचनात तर तो आणखी पुढे जातो. खून करू नको, ही आज्ञा सगळ्यांना माहीत होतीच. तो म्हणतो, भावावर उगाच संतापणारा आणि त्याला 'राका' म्हणणारासुद्धा दोषी आहे. राका म्हणजे रिकाम्या डोक्याचा, कवडीमोलाचा. आपल्याकडच्या शिव्यांच्या मानानं हा शब्द अगदीच साधा. त्यासाठी थेट खुनाशेजारी उभं करायचं? वाचणाऱ्याला हे अति वाटतं. पण वर सांगितलेलं ते बातमीतलं वाक्य पुन्हा बघा. शिवीगाळ, लाथाबुक्क्या, कोयता. पोलीस ठाण्याच्या बातम्या करणाऱ्याला त्यात अति काही वाटणार नाही. माणसावर हात टाकायचा असेल तर आधी त्याला माणसांतून उठवावं लागतं. ते काम शिवी करते.

म्हणून माझ्या मते शिवीचा मुद्दा घाणेरड्या शब्दांचा नाही. तो तुच्छतेचा आहे. समोरचा आपल्यापेक्षा हलका आहे, हे आत आधी ठरलेलं असतं. शब्द नंतर येतात.

आपल्या शिव्याच तपासून बघा. आईबहिणीवरून, म्हणजे बाई ही पुरुषाची मालमत्ता. अपंगत्वावरून, म्हणजे धडधाकट तेवढाच माणूस. विधवेवरून, वांझपणावरून. आणि जातीवरून. जातीवरच्या शिव्या तर अशा, की त्यात वेगळा घाण शब्दच लागत नाही. नुसतं जातीचं नाव एका विशिष्ट सुरात उच्चारलं की झाली शिवी. शब्द सरकारी दाखल्यावरचाच, विष सगळं सुरात.

हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे कागदावरून जात गेली. पण बांधावर भांडण लागलं की पणजोबाची जात बरोबर बाहेर निघते. सरकारदरबारी पुसलेलं समोरच्याच्या काळजात जसंच्या तसं असतं. शिवी कुठं राहते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा मला तरी नको.

आता इथं काही जण म्हणतील, गावाकडची भाषाच रांगडी, शिवी हे आमचं प्रेम आहे. यात थोडं तथ्य आहे. पंधरा वर्षांनी भेटलेला वर्गमित्र "ये रे गाढवा" म्हणत मिठी मारतो तेव्हा त्यात तुच्छता नसते. आणि कडक शब्द म्हणजे पाप, असंही नाही. खुद्द येशूनं हेरोद राजाला कोल्हा म्हटलंय, ढोंगी पुढाऱ्यांना सापाची पिल्लं म्हटलंय. पण ती भाषा कुणाला उद्देशून होती ते बघा. सत्तेत बसलेल्यांना, दुबळ्यांच्या बाजूनं. आपली शिवी बहुतेक वेळा उलट्या दिशेनं वाहते. साहेबासमोर "हो साहेब" आणि हॉटेलात पाणी आणून देणाऱ्या पोराला शिवी. ट्रॅक्टरच्या मालकासमोर मान खाली आणि ऊसतोडीच्या मजुराच्या बायकोचा उद्धार. प्रेमाची भाषा असेल तर ती आमदारसाहेबांशी बोलताना का येत नाही? रागावर ताबा नाही म्हणणाऱ्याचा राग माणूस बघून बरोबर कमी-जास्त होतो. म्हणजे ताबा आहे. आत तराजूही आहे.

दुसरी बाजू आमच्या मंडळींची. ख्रिस्ती घरात शिव्या चालत नाहीत, याचा आम्हाला अभिमान असतो. चांगलंच आहे. पण मंडळीच्या पंचकमिटीची निवडणूक लागली की बघा. एकही अपशब्द न वापरता, मधे मधे "प्रभूची इच्छा" म्हणत, एखाद्याचं असं काही वस्त्रहरण होतं की रस्त्यावरची शिवी परवडली. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच विचारलंय. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची त्याच तोंडानं देवाच्या प्रतिमेच्या माणसाला शाप द्यायचे, हे कसं चालेल? एकाच झऱ्यातून गोडं आणि कडू पाणी येतं का? तेव्हा शिवी न देणारा आपोआप निर्मळ ठरत नाही. विधिमंडळात असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकतात, पेपरात आम्ही पहिलं अक्षर छापून पुढं फुल्या टाकतो. शब्द गेला, वैर जागेवरच.

मग उपाय काय? जीभ चावायची? उपयोग आहे, पण तेवढ्यापुरता. पौल इफिसकरांना पत्रात सांगतो, हे सगळं आपल्यातून काढून टाका, आणि त्याची यादी मला एखाद्या डॉक्टरनं लिहिल्यासारखी वाटते. सुरुवात कटुतेपासून, मग संताप, राग, मग आरडाओरडा आणि निंदा. तोंड शेवटी येतं. पहिली पायरी कुणाला ऐकू येत नाही. भावानं वाटणीत फसवलं ते, शेजाऱ्यानं लग्नात मान दिला नाही ते, बापानं कधी जवळ घेतलं नाही ते. शिवी त्या जुन्या जखमेचा पू आहे. वरून पट्टी बांधून तो थांबत नाही.

पेत्राची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असावी. येशूला धरून नेलं त्या रात्री तो अंगणात शेकत बसला होता. तू त्याच्याबरोबरचाच ना, असं लोकांनी विचारल्यावर तो शापशब्द उच्चारत, शपथा घेत म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तिथं मूळ भीतीचं होतं. पुढं पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराच्या काठी भेटतो, तेव्हा तू त्या रात्री काय काय बोललास, असं विचारत नाही. तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? हिशेब जिभेचा मागितलाच नाही. काळजाचा मागितला.

आणि याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा, असं मागितलं. हे दोन्हीकडचं ऐकलं की वाटतं, सौंदाळ्याच्या ठरावाला एक पुरवणी हवी.

ती पुरवणी डोंगरावरच्या प्रवचनातच आहे, राकाच्या पुढच्याच ओळींमध्ये. वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे देवसुद्धा म्हणतो, माझं नंतर बघू, आधी त्याच्याकडे जा.

दंड ग्रामपंचायतीत भरता येतो, पावती मिळते, विषय संपतो. ज्याला शिवी दिली त्याच्याशी एक शब्दही बोलावा लागत नाही. म्हणून माझी सूचना अशी. ५०० रुपये घ्याच. पण पावती देण्याआधी त्या माणसाला त्या घरी पाठवा. उंबऱ्यावर उभं राहून, ज्या माउलीचं नाव त्यानं चव्हाट्यावर काढलं तिला, "चुकलं, आई" एवढं म्हणू दे. ज्या क्षणी तो "आई" म्हणेल, त्या क्षणी शिवीच्या मुळाला पहिला घाव बसेल.

पाचशेच्या नोटेपेक्षा हे दोन शब्द खिशातून काढणं फार अवघड आहे. म्हणूनच त्याचा उपयोग होईल. पटतंय का बघा.