अप्पर लावून काजवे दिसत नाहीत

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी रात्री मी भंडारदरा धरणाच्या कडेकडेनं रतनवाडीला जाणाऱ्या रस्त्यावर एका सादड्याखाली उभा होतो. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होतं, साऱ्या फांद्यांची उघडझाप एका तालात. तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली, अप्पर लावून. झोत पडला आणि झाड काळं झालं. गाडीची काच खाली आली. "काका, काजवे कुठं दिसतात हो?" माझ्याबरोबर माझा जुना विद्यार्थी होता, आता तिशीतला बाप्या. तो म्हणाला, "आत्ता इथंच होते."

अकोले तालुक्याच्या या डांगाणात मी एकतीस वर्षं गुरुजी होतो. तेव्हा काजवे पाहायला कुणी येत नसे. आम्हीही पाहत नसू, पावसाच्या आधी ते असायचेच. आता मेअखेरीपासून शनिवार-रविवारी धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढं रस्ता जाम होतो.

काजवा काही आपल्यासाठी लुकलुकत नाही. नराची ती मादीला खूण असते. मादी बहुधा खाली झुडपात, गवतात बसलेली. हेडलाइटच्या उजेडात तिला खूण दिसत नाही, आणि फोटोसाठी रस्ता सोडून गवतात शिरलेला बूट नेमका तिच्यावर पडतो. पंख फुटल्यावर त्यांच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे. त्याआधीचे कित्येक महिने अळी ओल्या मातीत गोगलगायी खात काढते. म्हणजे यंदा तुडवलेलं गवत पुढच्या वर्षीच्या झाडावर कळतं.

लोकांनी येऊ नये, असं मी म्हणणार नाही. भाताचं एक पीक निघालं की इथली घरंच्या घरं कुलूप लावून नारायणगावच्या बाजूला मजुरीला जात. माझा वर्ग दिवाळीनंतर निम्मा व्हायचा. आज त्यातल्या काही चुली पाहुण्यांच्या नाचणीच्या भाकरीवर गावातच पेटतात. पण गाडीत बसून येणारा, डबा शहरातूनच आणणारा आणि रात्रीच परतणारा माणूस गावाला देतो काय? वेफर्सची पाकिटं.

म्हणून हंगामात अंधार पडल्यावर बाहेरच्या गाड्या शेंडीतच थांबवाव्यात. पुढं गावातल्या ठरावीक जीपा, शेवटचा टप्पा पायी, बरोबर इथलाच पोरगा. नाक्यावर नुसती प्रवेशाची पावती फाडून गर्दी आवरत नाही. चार हॉटेलवाले कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि सगळी गर्दी त्याच तीन शनिवारी कशाला? सप्टेंबरात रतनगडाच्या वाटेवर सोनकी फुललेली असते, नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, शिरलं की वारा उभं राहू देत नाही. साम्रदची सांदण दरी पाणी ओसरल्यावर हिवाळ्यात उतरावी. पावसात तिथं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर.

यंदा काजवे पाहायला यायचं असेल तर मंगळवार-बुधवार धरा, मुक्काम गावात करा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा. शक्यतो अमावास्येच्या आसपास या. चांदण्यात काजवे फिके दिसतात.