सव्वा लाखाचं ‘स्वस्त’ रिव्हॉल्व्हर

ज्या गृहस्थांमुळे हा लेख लिहावा लागतो आहे त्यांचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर ते कात्रण कापून फ्रेम करतील. त्यांचं मत मात्र पालघर स्टेशनापासून सातपाटीच्या बंदरापर्यंत बऱ्याच जणांच्या कानांवर गेलेलं आहे. ते असं: सरकारी कारखान्यातलं .32 चं रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. ऐन वेळी फुसका बार. चाप ओढायला पैलवान लागतो. बिघडलं तर विचारणारं कुणी नाही. स्वस्तातला माल असाच असायचा. ज्याला खरोखर जीव वाचवायचा आहे त्याने पैसे साठवावेत आणि एखादं जुनं विलायती वेब्ली हुडकून काढावं. बाकीच्यांनी काठी बाळगावी.

काठीचा सल्ला मला शंभर टक्के मान्य आहे. बाकीच्याचा समाचार घेतो.

आधी ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं ते ठरवू. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 साली ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, खास स्त्रियांसाठी म्हणून. वजन अर्धा किलोच्या आसपास, तेव्हाची किंमत सव्वा लाखाला थोडी कमी. म्हणजे आपल्याकडे असं सरकारी रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात. बाजारपेठेतला सराफ, रोख पगार वाटणारा तारापूर एमआयडीसीतला ठेकेदार, घोलवडकडचा एखादा चिकू बागायतदार, अशांपैकी ज्याला परवाना मिळतो त्याची ही खरेदी. खलाशाने किंमत ऐकली तर तो विचारेल, एवढ्यात जाळ्यांचा नवा जोड येत नाही का? तेव्हा स्वस्त हा शब्द हे गृहस्थ कशाशी तुलना करून वापरतात? तर त्या विलायती वेब्लीशी. आणि माझी खरी हरकत इथेच आहे.

महाग ते चांगलं, हे गणित उघड्या बाजारात कधी कधी जमतं. दहा कंपन्या, दहा भाव. गिऱ्हाईक फिरतं, तोलतं, परत करतं. आपला हातबंदुकांचा बाजार उघडा नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. सवलत नामांकित नेमबाजांना, किंवा परदेशातला मुक्काम आटोपून सामानासकट परतणाऱ्यांना, तीही अटींसह. बाकी देशात जे आहे तेच आहे. त्यातलं काही गंजून गेलं, काही जप्त झालं, काही वारसांनी जमा करून टाकलं. माल दरवर्षी कमी होतो आणि पैसेवाले मात्र कमी होत नाहीत. अशा ठिकाणी भाव चढतो तो मालाच्या गुणामुळे नव्हे, मालाच्या तुटवड्यामुळे. पावसाळी बंदीत, जून-जुलैत, बर्फातलं पापलेट ताज्याच्या दुप्पट भावाने गेलं म्हणून ते ताज्यापेक्षा चवदार झालं असं आमच्या सातपाटीत कुणी म्हणेल का? या गृहस्थांच्या ताटात ते पापलेट अनेकदा पडलेलं असणार, पण हिशेब काही डोक्यात शिरलेला नाही.

त्यातून कर. 2025 च्या सप्टेंबरात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला. किंमत एका रात्रीत वाढली. कारखान्यातल्या लेथवर त्या रात्री काही वेगळं घडलं नाही. नळीतले आटे होते तसेच राहिले. यांच्या न्यायाने मात्र रिव्हॉल्व्हर त्या दिवशी नऊ-साडेनऊ टक्क्यांनी सुधारलं असलं पाहिजे.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या सरकारी .32 ला हे भंगार म्हणतात त्याचा मूळ आराखडा वेब्लीवरूनच घेतलेला आहे: मधोमध बिजागरीवर मोडणारं, उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम वर उचलून देणारं. म्हणजे बापाची आरती आणि लेकाला शिव्या. बरं, आता ‘वेब्ली’ हे नाव लावलेलं .32 रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे तयार होतं. हे कळल्यापासून विलायती म्हणजे नेमकं काय, यावर गृहस्थांनी मौन पाळलं आहे.

हा विलायती वाद मला नवा नाही. किनाऱ्यावर होड्यांना इंजिनं बसली त्या काळातली भांडणं मी म्हाताऱ्यांकडून ऐकलेली आहेत. देशी इंजिन समुद्रात दगा देणार, परदेशीच हवं, असं छातीठोक सांगणारे तेव्हाही होते. त्यांनाही कुणी विचारलं नाही की बाबा, परदेशी इंजिनाचा नोझल फुटला तर तो आणायला होडी कुठल्या देशाला धाडायची? शेवटी ज्या इंजिनाचा सुटा भाग पालघरात मिळत होता ते इंजिन टिकलं. पण जुना वाद निकालात निघाला तरी तो उकरून काढणाऱ्यांचा धंदा काही बंद पडत नाही. असो.

आता फुसका बार. यांचा एकमेव पुरावा असा: कुणा ओळखीच्या माणसाने कुणाच्या तरी हळदीला हवेत गोळी झाडायचा प्रयत्न केला आणि रिव्हॉल्व्हर चाललं नाही. मी म्हणतो, देव पावला! शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून समारंभात असा बार काढणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, किंवा दोन्हींचा. त्या रिव्हॉल्व्हरने मालकाची लाज आणि कुणाचा तरी जीव राखला. त्याला दर्जाचं प्रमाणपत्र द्यायला हवं. पण चेष्टा बाजूला ठेवू. बार का निघाला नाही हे तपासलं कुणी? काडतूस किती वर्षांचं होतं? ते कुठे ठेवलेलं होतं?

हयात टूलरूममध्ये गेल्यामुळे मला हे प्रश्न आधी सुचतात. आमच्या खाऱ्या हवेत दाराची कडी वर्षात लाल होते, सायकलची चेन दोन पावसाळ्यांत ताठ होते. त्या हवेत रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात कोंडून कपाटात ठेवतात. चामडं ओल धरतं, ओल लोखंड खाते. मग जाणकार शेजारी सांगतो, तेल लाव. मालक उदार हाताने तेल ओततो, तेही काडतुसं आत भरलेली असताना. ते तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपीतली दारू निकामी करतं. चाप ओढला, घोडा पडला, टक्‌ असा आवाज झाला, बस्स. दोष कुणाचा? कारखान्याचा! आपल्याकडचं .32 चं काडतूस तर कानपूरला बनतही नाही. त्याच्या बुडावर बहुधा ‘केएफ’ अशी अक्षरं सापडतील, म्हणजे खडकी फॅक्टरी, पुणे. रिव्हॉल्व्हर एका गावचं, काडतूस दुसऱ्या गावचं, तेल तिसऱ्याचं, आणि निवाडा मात्र एकाच्याच डोक्यावर.

निवडणुकीचं आणखी वेगळं. आचारसंहिता लागली की ज्याला पोलीस ठाण्याची नोटीस येते त्याचं शस्त्र जमा होतं. 2024 साली तर दोनदा आचारसंहिता लागली: मार्चपासून जूनपर्यंत लोकसभेची, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभेची. इतके महिने तेलाविना ठेवून दिलेलं हत्यार परत आलं की त्यावर तांबूस ठिपके दिसतात आणि मालक म्हणतो, बघा, स्वस्तातलं पोलाद! जमा करताना काडतुसं काढून, पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून दिलं होतं का, हे विचारलं की विषय बदलतो.

मुळात अनुभव म्हणजे काय? परवान्यावर लिहिली असतील तेवढीच काडतुसं मिळतात. ती झाडायला सराव-मैदान लागतं, आणि सातपाटीच्या वाळूवर बाटल्या मांडून नेमबाजी करणं हे मैदान नव्हे. वर्षानुवर्षं डझनभर गोळ्याही न झाडलेला माणूस जेव्हा ‘माझा अनुभव’ म्हणून बोलतो तेव्हा तो कपाटाचा अनुभव असतो.

चाप जड आहे? आहे. एकाच ओढीत घोडा मागे न्यायचा आणि सिलिंडरही फिरवायचा, तर जोर लागणारच. अंगठ्याने घोडा आधी मागे घेतला की तोच चाप हलका होतो, आणि खिशात वागवायच्या हत्याराचा चाप लोण्यासारखा असावा असं ज्यांना वाटतं त्यांच्या शेजारी मी बसणार नाही.

राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं ते देशी पिस्तुलावर का, असा टोमणाही ऐकला. ते क्रीडापिस्तूल .22 चं, कागदी लक्ष्यासाठी बनवलेलं, मूठ हाताच्या मापाने घासून घेतलेली. त्याची तुलना सराफाच्या गल्ल्यातल्या .32 शी करणं निरर्थक आहे.

आणि स्वस्त म्हटलं की जळगाव सीमेवरच्या उमर्टीच्या गावठी कट्ट्याचं नाव काढायची यांची जी खोड आहे ती सरळ लबाडी आहे. कट्ट्याला ना परवाना, ना क्रमांक, ना जादा दाबाच्या काडतुसाने घेतलेली चाचणी. कारखान्याच्या हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि त्या चाचणीचा शिक्का असतो.

राहिला विक्रीनंतरच्या सेवेचा मुद्दा. इथे त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त कारण चुकीचं आहे. सेवा मिळत नाही ती माल स्वस्त आहे म्हणून नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. बोईसरात असे कारागीर आहेत की जे रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग दुपारच्या सुट्टीत वळून देतील. कायद्याने ते तिला हात लावू शकत नाहीत, आणि त्यांनी लावूही नये. मग मालकाने परवानाधारक विक्रेत्याकडे, बहुधा मुंबईला, रिव्हॉल्व्हर न्यायचं, पावती घ्यायची आणि वाट बघायची. एका विक्रेत्याकडे आमच्या एका नातलगाचं रिव्हॉल्व्हर साध्या स्प्रिंगपायी इतकं रखडलं की परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आधी आली. फोनवर उत्तर ठरलेलं: माल वरून आलेला नाही.

वर म्हणजे कुठे, हेही आता सोपं राहिलेलं नाही. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याचे 41 कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. रिव्हॉल्व्हर बनवणारी कंपनी कानपूरची, अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट; काडतुसं बनवणारी पुण्याची, म्युनिशन्स इंडिया. बार निघाला नाही तर एकीने दुसरीकडे बोट दाखवायची सोय झाली. हे मला खटकतं, आणि मी ते लपवत नाही. कानपूरच्या कंपनीने 2023 साली ‘प्रबल’ नावाचं बाजूला सिलिंडर उघडणारं रिव्हॉल्व्हर काढलं, पन्नास मीटरचा पल्ला असल्याची जाहिरात केली. पन्नास मीटर! सुटी स्प्रिंग किती दिवसांत मिळेल याचा आकडाही त्याच जाहिरातीत टाकला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मग वेब्लीचं काय? त्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मागे कोण उभं आहे? बनवणारे हात गेले. सुटे भाग नाहीत, हमी नाही, बिल असलंच तर आजोबांच्या नावाचं. बिघडलं तर तक्रार विलायतेच्या राणीकडे करायची सोयसुद्धा आता उरलेली नाही. ज्या हत्यारामागे रडतखडत का होईना एक कारखाना आहे ते सेवेच्या नावाने बाद, आणि ज्यामागे कुणीच नाही ते उत्तम, हा न्याय फक्त या गृहस्थांच्या दरबारात चालतो.

माझं म्हणणं एवढंच की स्वस्त हातबंदुकीची पारख भावावरून किंवा ऐकीव किश्श्यांवरून करू नये. दुकानात काउंटरवर ती रिकामी करून बघावी: घोडा मागे घेतल्यावर सिलिंडर हलतो का, प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबतं का, सिलिंडर आणि नळी यांमधली फट सहाही घरांना सारखी आहे का, शिक्के आणि क्रमांक स्पष्ट आहेत का. मग तारीख बघून ताजी काडतुसं घ्यावीत आणि परवानगीच्या मैदानावर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, ती झाडून बघावीत. सुट्या भागांचा आणि दुरुस्तीच्या मुदतीचा शब्द लेखी मागावा. तो मिळत नसेल तर तसं लेखी मागावं. हे फार मोठं तत्त्वज्ञान नाही, कबूल.

आणि बिल जपून ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष मालाची तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगातच करता येते. त्यासाठी कानपूरला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.